काळ्याची पाळी

हातात धरून खेळायच्या माझ्या कन्सोलमध्ये मी कस्टम फर्मवेअर टाकलं, म्हणजे कंपनीची सिस्टीम काढून हौशी लोकांनी बनवलेली बसवली, तेव्हा बाबा होते. आयुष्यभर कारखान्यात मशिनी उघडलेला माणूस. "खोलायच्या आधी जसं आहे तसं जपून ठेव," म्हणत माझ्या मागेच लागले. मी वैतागून मूळ सिस्टीमची, आतल्या खेळांसकट, पूर्ण नक्कल घेतली आणि कार्डवर ठेवून दिली.

आता सोनागिरीच्या या घरात मी एकटीच असते. कारखान्यामुळे इकडे आलेले ओळखीचे बहुतेक मराठी लोक रिटायर होऊन नागपूर-पुण्याकडे परतले. निदान ऑनलाइन कुणाशी तरी खेळावं म्हटलं, तर बदललेल्या सिस्टीमवर कंपनी ते खेळू देत नाही. म्हणून परवा ती काढली आणि बाबांच्या हट्टापायी घेतलेली नक्कल परत चढवली.

कन्सोल थेट त्या जुन्या दिवसावर जाऊन उभा राहिला. बाबा आणि मी त्यावर खेळायचो तो बुद्धिबळाचा डावसुद्धा अर्ध्यावरच होता. खरं तर तो आम्ही नंतर संपवला होता, आणि जिंकल्यावर बाबा दिवसभर मिरवले होते. पण नक्कल त्याच्या आधीची. पडद्यावर आलं, काळ्याची पाळी. काळी मोहरी नेहमी बाबांची.

एकेका खेळीला ते इतका वेळ लावायचे की माझं डोकं फिरायचं. मी बराच वेळ पटाकडे बघत बसले. मग सवयीने ओरडलेच, "बाबा, खेळा ना आता, किती वेळ!"