वासावरचा स्वयंपाक

प्रमोदिनीकाकूंनी स्वयंपाक करताना आयुष्यात कधी काही चाखलं नव्हतं. मीठ बेताचं आहे की नाही, हे त्या कढईवर वाकून, डोळे मिटून, एक श्वास घेऊन सांगायच्या. आणि बरोबर सांगायच्या. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेवर ठेवलं की अन्न उष्टं झालं, हे त्यांच्या आईनं वर्ध्याला शिकवलेलं. लग्न होऊन रायपूरला आल्यावर इथल्या मराठी घरांतल्या मुंजी, लग्नं, गणपतीचे महाप्रसाद त्यांनी तीस वर्षं याच नाकावर पार पाडले. दोनशे पानांची आमटी न चाखता करणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. काकूंना त्याचा गर्व होता. असा गुण असून गर्व नसता, तर मी त्यांना ढोंगी म्हटलं असतं.

आमच्याकडे त्या आल्या माझ्या सासऱ्यांसाठी. सासरे, नरहरी, रेल्वेच्या माल ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. रायपूरच्या गुढियारी भागात चाळीस वर्षं राहून त्यांना तिखट-मिठाशिवाय दुसरं सुख ठाऊक नाही. त्यांची बायपास झाली आणि आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या हातात एक छापील तक्ता दिला: मेडिटरेनियन पद्धतीचं जेवण. ऑलिव्ह तेल, काबुली चणे, वांगी, टमाटर, लसूण, बेसिल, ओरेगॅनो, रोझमेरी. मीठ नावापुरतं. मी बँकेत नोकरी करते आणि स्वयंपाकात यथातथाच आहे, म्हणून काकूंना बोलावलं.

नर्सरीतून आणलेल्या तीन कुंड्या खिडकीत ठेवल्या. काकूंनी त्यांच्याशी ओळख करून घेतली तीही नाकानंच. बेसिलचं पान चुरगळून म्हणाल्या, "हा तर आपला सब्जा आहे." ओरेगॅनो हुंगून म्हणाल्या, "हा ओव्याच्या घरातला." रोझमेरीपाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. "देवळात आल्यासारखं वाटते गं," म्हणाल्या, आणि त्या झाडावर त्यांचा जीवच जडला. तेल कच्चंच वरून घालायचं, याचं मला नवल वाटलं, त्यांना नाही. "काहून? झुणक्यावर कच्चं तेल आम्ही घेतोच की."

पहिल्याच दिवशी चण्यांच्या कालवणाचा घरात असा घमघमाट सुटला की शेजारच्या भाभी काय शिजतंय ते विचारायला आल्या. सासरे वेळेच्या आधी टेबलाशी येऊन बसले. पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा पडला. तिसऱ्या घासाला पाणी पिऊन उठले.

असं पंधरा दिवस चाललं. वजन चार किलो उतरलं. डॉक्टर म्हणाले, जखम भरायची तर पोटात अन्न जायलाच हवं, नाहीतर पुन्हा दाखल करावं लागेल. ताट परत आलं की काकू म्हणायच्या, "वास कमी पडला असन," आणि दुसऱ्या दिवशी रोझमेरीची आणखी एक काडी घालायच्या.

मी ते चण्यांचं कालवण दुसऱ्याच दिवशी चाखलं होतं. अळणी, आणि वरून कडू. वास वाढवायच्या नादात रोज जास्त कडू होत होतं. पण तीस वर्षांच्या नाकाला हे सांगणार कोण? मी भित्री आहे. मी सगळा दोष त्या तक्त्यावर ढकलला आणि गप्प बसले.

शेवटी सासरेच बोलले. चमचा खाली ठेवून म्हणाले, "बाई, वास आला की वाटते लग्नाची पंगत बसली. अन् तोंडात घातलं की दवाखाना. तुम्ही हे चाखून तरी पाहता का?"

काकूंनी खोचलेला पदर सोडला. "देवाच्या आधी मी तोंडात घालत नाही, बाबूजी. माझ्या हातचं आजपर्यंत कोणी ताटात टाकलं नाही. तुमाले जमत नसन तर दुसरी बाई पहा."

"दुसरी नको. तुम्हीच चाखा."

त्या पिशवी उचलून निघून गेल्या. आता त्या काही येत नाहीत, असं मी धरून चालले आणि मनातून फार घाबरले.

सकाळी नेहमीच्या वेळेला त्या आल्या. देवापाशी गुळाचा खडा ठेवला, हात जोडले, चणे शिजवले. मग चमचाभर कालवण तळहातावर घेतलं आणि जिभेला लावलं. मी दारातच उभी होते.

"एवढं कडू," त्या म्हणाल्या. "एवढं कडू खाऊ घालून राहिली होती मी."

मग पदर पुन्हा खोचला. ते पातेलं बाजूला सारून नव्यानं सुरुवात केली. रोझमेरीची एकच काडी घातली आणि वास लागताच काढून टाकली. टमाटर चांगले आटवले, लसूण सालीसकट भाजून त्यात कुस्करला, लिंबू पिळलं. चिमूटभर मीठ होतं तेही आत न घालता शेवटी वरून भुरभुरवलं. प्रत्येक पायरीला चाखत होत्या. सहा-सात वेळा तरी चाखलं असेल.

सासऱ्यांनी एक वाटी संपवली आणि दुसरीसाठी पुढे केली. मला इतका आनंद झाला की डोळे पुसायला मी स्वयंपाकघरात पळाले. काकू ओट्याशी उभ्या होत्या.

"देवाचं आता कसं करणार?" मी विचारलं.

"रोज गूळ ठेवीन. देव तर सगळं गोड मानून घेते. बाबूजीले काहून गोड मानावं लागन?" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुले माहीत होतं नं?"

मी मान खाली घातली. "हव."

"माझा मान ठेवला तू, पोरी. अन् म्हातारा उपाशी राहिला."

खरंच होतं ते. काकूंनी पातेल्यातलं थोडं कालवण माझ्या तळहातावर घातलं. "घे. अन् आता खरं सांगजो."

मी चाखलं. छान झालं होतं. छान झालंय एवढं म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं.

"लिंबू जरा जास्त झालंय, काकू," मी म्हणाले.

काकूंनी मान डोलावली आणि पातेलं स्वतःकडे ओढलं.