तांब्याची सरी

वसुमतीअक्कांच्या घरातून कचऱ्याची सहजासहजी सुटका नसायची. शर्टांची बटणं, बिघडलेल्या चेनी, कुकरची सैल झालेली रिंग, सगळं आधी अक्कांच्या हाताखालून जायचं. रिंगेला जुन्या साडीचा काठ गुंडाळला की झाली बांगडी. कॅलेंडरच्या कागदाच्या सुरळ्या वळून खळ लावली की झाले मणी. कानडी मुलखातल्या येलहंक्याच्या त्या गल्लीत कचऱ्याची गाडी घेऊन येणारी गंगव्वा अक्कांनीच केलेली बटणांची कर्णफुलं घालून यायची आणि वर कुरकुरायची, "अक्का, तुमच्याकडं सुका कचरा स्वल्पच असतो बघा. सगळ्याचं सोनं करून बसता, मग मी काय नेऊ?"

गंगव्वा घालायची, शेजारणी घालायच्या. घालत नव्हती ती एकटी सून.

शमिका पुण्याची. पोरगी गुणाची, उगाच खोटं कशाला बोला. अक्कांच्या निपाणीकडच्या बोलीला ती कधी हसली नाही की उलट शब्द बोलली नाही. पण अक्कांनी काही करून दिलं की "आई, किती क्रिएटिव्ह आहात तुम्ही," म्हणायची आणि वस्तू ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची. त्या ड्रॉवरचा अक्कांना भारी राग यायचा. राग कसला, वाईटच वाटायचं.

शमिकेला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. म्हणजे माहेरची हौसही आता अक्कांनीच पुरवायची होती. एका दुपारी शमिका लॅपटॉपपुढे बसली असताना अक्कांनी धीर करून विचारलं, "डोहाळजेवणाला तुझ्या गळ्यात माझ्या हातचं कायतरी करू काय गं?"

"सरी," शमिका पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

अक्का जागच्या जागी विरघळल्या. सरी! हल्लीच्या पोरींना हा दागिना ठाऊक तरी असतो का? गळ्याला बिलगून बसणारी ती पिळाची कडी अक्कांनी आपल्या आजीच्या गळ्यात पाहिली होती. आणि सुनेनं बरोबर तीच मागितली. सगळा जन्म दुकानात आणि बाजारात कानडी "सरी, सरी" ऐकण्यात गेलेली ही बाई, पण पुण्याच्या तोंडून आलेला शब्द तिनं मराठीच समजला. मायेपोटी माणूस असं भलतंच ऐकतं.

सरी करायची तर तार हवी, आणि तार अक्कांकडे होती. शमिकेच्या आईचा मिक्सर तिनं पुण्याहून हट्टानं आणला होता. दिवाळीत चटणी वाटताना तो जळाला. तेव्हा शमिका भांडं हातात धरून नुसती उभी राहिली, मग "टाकून द्या" म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. अक्कांनी मिक्सर टाकला, पण आतल्या मोटरची तांब्याची तार तेवढी काढून ठेवली. का ठेवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता त्यांनी ती तार पॉलिश पेपरनं घासली, चिंच-मीठ लावून उजळली, लाटण्यावर पीळ घालत घालत वळली. बोटं सोलून निघाली. गळ्याला टोचू नये म्हणून आतून मऊ सुती पट्टी शिवली. तार कुठली हे डोहाळजेवणाच्या दिवशीच सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

त्या दिवशी सकाळी त्या डबी घेऊन खोलीत गेल्या, तर शमिका मोगऱ्याच्या दागिन्यांनी नटून तयार. गळ्यातही फुलांचा हार.

"हे काय, आई?"

"तुझी सरी. तूच म्हणालीस की."

शमिका क्षणभर गोंधळली, मग हसू लागली. "अहो आई, मी ऑटोवाल्यांना म्हणते ना, तसं सरी म्हटलं. सरी म्हणजे ओके!"

दारातला तिचा नवरा महांतेशही हसला. मुलगेच ते, आईवर हसायला त्यांना मुहूर्त लागत नाही. अक्कासुद्धा हसल्या. "माझंच मेलीचं चुकलं की," म्हणाल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि डबी तांदळाच्या डब्यामागे सारली. मिक्सरचं नाव त्यांनी काढलं नाही. आईचं नाव पुढं करून सुनेच्या गळ्यात कशाला पडायचं?

थोड्या वेळानं शमिका पाणी प्यायला आली. अक्का पाठमोऱ्या उभ्या राहून उगाचच कोथिंबीर निवडत होत्या. त्यांची सोललेली बोटं शमिकेला दिसली. तिनं शोधून डबी काढली आणि उघडली.

"आई, कसली तार आहे ही?"

"असंल कुठली तरी, जाऊ दे की."

"सांगा ना."

"मिक्सरची," अक्का कोथिंबिरीकडे बघत म्हणाल्या. "तुझ्या आईच्या."

बाहेर बायका जमू लागल्या होत्या. शमिकेनं गळ्यातला मोगऱ्याचा हार काढून ओट्यावर ठेवला, अक्कांकडे पाठ केली आणि केस वर धरले. अक्कांच्या सोललेल्या बोटांनी आकडा लवकर बसेना.

"घट्ट होत नाही न्हवं?"

शमिकेनं तळहात गळ्यावर ठेवला आणि तो तसाच तिथं राहू दिला.

"सरी आहे," ती म्हणाली.

यातली कुठली सरी, हे अक्कांनी विचारलं नाही. त्यांनी पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.