जबड्याखालची रेघ

“तळ भरल्याशिवाय मी कुठल्याही जखमेचं तोंड मिटू देणार नाही, मग ती खेळातली का असेना,” असं बोळाताई एकदा म्हणाल्या होत्या. त्यावर त्यांच्यासोबत खेळणारा वकील इतका हसला की हातातला चहा त्याच्याच पांढऱ्या शर्टावर सांडला.

बोळाताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिथे उजेड येतो तो फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांमधून, तिथे ड्रेसिंगची एक अरुंद खोली होती. त्या खोलीत त्या बावीस वर्षं जखमा धूत होत्या. खोल जखमेत भिजवलेल्या गॉजचा बोळा भरायचा, दुसऱ्या दिवशी तो ओढून काढायचा, पुन्हा भरायचा. जखम तळातून वर येऊ लागली की बोळा लहान होत जातो आणि एक दिवस त्याला आत जागाच उरत नाही. रोगी कळवळायचे, शिव्या घालायचे, आणि बरे होऊन जाताना त्यांना हे नाव चिकटवून जायचे. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. सतत धुऊन धुऊन त्यांच्या बोटांची कातडी पाण्यात विसरलेल्या कागदासारखी झाली होती.

खेळाचं वेड त्यांना लावलं एका ट्रकवाल्यानं. मांडीची जखम चिघळून तो चार महिने पडून होता. घरी जाताना आपलं खेळाचं यंत्र त्यानं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि लंगडत निघून गेला. त्यात एकच खेळ होता, ‘सातवं दार’. किल्ले, दलदल, बोलणारे कावळे, आणि एकामागून एक उघडत जाणारी दारं. ताईंनी त्याचे तोवर निघालेले दोन्ही भाग तीनतीनदा संपवले. तलवारीला त्यांनी हात लावला नाही. दर वेळी वैदीण व्हायच्या आणि इतरांच्या मागे मागे चालायच्या.

आता तिसरा भाग यायचा होता. त्यासाठी दर रविवारी दुपारी तीनला चौघं जमायचे ते मास्तरांच्या घरी, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. शिंपी जिना चढून यायचा, गळ्यात टेप तसाच. वकील नवखा होता. कोर्टात त्याला कोणी बोलू देत नसे, म्हणून इथे बोलायचा. आणि बोळाताई. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड मास्तरांची बायको बसलेली असे. ती बाहेर येत नसे. सगळे तिला वहिनी म्हणायचे आणि आवाज जरा बेताचा ठेवायचे.

भांडणाचे विषय दोनच. एक, या भागात आपल्या माणसाचा चेहरा हवा तसा घडवता येणार होता. दुसरा, जखमा भरण्याची रीत बदलणार होती. आधीच्या भागांत निळ्या औषधाची कुपी प्यायली की संपलं, माणूस टुणटुणीत. आता म्हणे जखम बांधावी लागणार, वेळ द्यावा लागणार, आणि व्रण राहणार.

“मी दिवसभर फाटलेलं शिवतो,” शिंपी म्हणाला. “रविवारी खेळातपण शिवत बसू का?”

“आणि राक्षस समोर उभा,” वकील म्हणाला. “ताई त्याला सांगणार, थांब रे बाबा, उद्या या वेळेला बोळा बदलायचाय, मग ये.”

“थांबेल की,” ताई म्हणाल्या. “त्यालाही कुठंतरी लागलेलं असणारच.”

“ताई, तुमचा तो चेहरा बघूनच पळेल तो.”

हे मात्र खरं होतं. कंपनीनं चेहरे घडवायचा तेवढा नमुना आधीच फुकट दिला होता. लोक राजपुत्र घडवत होते, अप्सरा घडवत होते. ताईंनी घडवली होती पन्नाशीची, बुटकी, डोळ्यांखाली पिशव्या आलेली बाई.

“पळू दे,” ताई म्हणाल्या. “तेवढीच माझी पट्टी वाचेल.”

मास्तर हसले नाहीत. “खेळात तरी माणसाला पटकन बरं होऊ द्या,” ते म्हणाले. “कुपीच बरी. एक घोट, आणि झालं.”

पडद्याआड खुर्ची करकरली. ताईंनी तिकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

मास्तरांच्या या बोलण्यामागे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींच्या डाव्या जबड्याखाली गाठ झाली होती. ती काढली, जबड्याचा तुकडाही गेला, बोलणं गेलं. घशातून येणारा आवाज शब्द व्हायच्या आतच मोडायचा. नंतर टाके उसवले. ताई रोज ड्यूटी संपवून या दोन खोल्यांत यायच्या, बोळा भरायच्या. मास्तर त्या वेळी गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि कानांवर हात ठेवायचे. पुढे वरची कातडी जवळ जवळ येऊ लागली. ताई म्हणाल्या, अजून महिनाभर भरावं लागेल, आत अजून जागा आहे. मास्तर म्हणाले, आता पुरे. तिला किती छळायचं? दहा-बारा दिवसांत कातडी मिटली. मास्तरांनी शाळेत पेढे वाटले. ताईंना म्हणाले, “बघा, झाली ना बरी? आता तुम्ही फक्त खेळायला यायचं.”

ताई येत राहिल्या. पण दर रविवारी जिन्यातच विचारायच्या, “दुखतं का?” आणि दर रविवारी मास्तर पायरीवरच सांगायचे, “छे, वरून तर काचेसारखं झालंय.” एकदा ताईंनी पडद्यापाशी जाऊन विचारलं, “बघू का मी एकदा?” आतून उत्तर यायच्या आधीच मास्तर मध्ये उभे राहिले होते.

मास्तरांनी आपल्या घरच्या यंत्रावर, त्या नमुन्यात, चेहरा घडवला तो वहिनींचा. गाठीच्या आधीचा. लग्नातला फोटो शेजारी ठेवून, शाळेतून आल्यावर रोज दोन तास, यंत्राच्या पडद्यावरची एकेक सरकपट्टी केसभर हलवत. नाकाची रुंदी, भुवईचा कोन, हनुवटी. चित्रकाराचा हात तो. बारा दिवसांनी पडद्यावरची ती बाई डोळे मिचकावू लागली, मान किंचित वळवू लागली, आणि मास्तरांनी सरकपट्टीवरचा हात मागे घेतला. इतकी ती तीच होती. त्यांनी आतून बायकोला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं बोटाच्या मागच्या बाजूनं काचेवरच्या त्या गालाला स्पर्श केला आणि आत निघून गेली.

चार दिवसांनी मास्तरांनी शाळेतून येऊन यंत्र लावलं, तर चेहऱ्यावर डाव्या जबड्याखाली एक रेघ होती. बारीक, नखानं ओढल्यासारखी. त्यांनी ती पुसली. दोन दिवसांनी पुन्हा होती. पुन्हा पुसली. मग रोजच. सकाळी स्वच्छ ठेवून गेलेला चेहरा दुपारी डागलेला मिळायचा. मास्तर जिना चढताना पावलं जड टाकू लागले. कुलपात किल्ली फिरवताना त्यांना वाटायचं, आत ती बसली असेल. म्हणजे ती पडद्यावरची, मान वळवून, दाराकडे बघत.

मग आणखी एक गोष्ट झाली. रेघ असलेल्या दिवशी ती बाई मान वळवायची ती पूर्ण वळवत नसे. अर्ध्यावर थांबायची. डोळे मिचकावायची, आणि मान परत सरळ करायची. नमुन्यात असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

रविवारी मास्तरांनी सांगून टाकलं. सकाळी ते बाजारात जाऊन येईपर्यंत रेघ पुन्हा आली होती. शिंपी हसला नाही. वकील आधी हसला आणि मग पडद्यावरच्या बाईनं मान अर्ध्यावर थांबवली तेव्हा त्यानं खिशातून मोबाइल काढला.

“बिघाड असेल,” तो म्हणाला. “मी तिकडे विचारतो. हजारो लोक चेहरे बनवतायत.”

त्यानं मोबाइलवर चाहत्यांच्या कट्ट्यावर विचारलं. पाच मिनिटांत चाळीस उत्तरं आली. व्रण खोल ठेवला की मान कमी वळते, हे बऱ्याच जणांना माहीत होतं. कंपनीनं मुद्दाम तसं केलंय, एकानं लिहिलं, दुखऱ्या बाजूला माणूस मान वळवत नाही म्हणून. पण आपोआप आलेली रेघ? तशी कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हती.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा झाला. “ताई, हे तुमचं काम आहे.”

“माझं?”

“व्रण हवेत, व्रण हवेत, हे तुम्हीच लावून धरलंय. मी चहा करायला आत जातो तेव्हा इथे कोण बसतं यंत्राजवळ? हिचा चेहरा डागळून तुम्हाला काय मिळतं हो? एवढा एक चेहरा तरी मला धड ठेवू द्या.”

“अहो मास्तर,” शिंपी म्हणाला, “ताई येतात आठवड्यातून एकदा. रेघ तर रोज येते म्हणता.”

ताईंना राग आला नव्हता. त्या मास्तरांकडे बघतही नव्हत्या. चष्मा कपाळावर चढवून त्या यंत्राच्या पडद्याजवळ वाकल्या होत्या, रोग्यावर वाकायच्या तशा.

“आकडे कुठे दिसतात याचे?”

वकिलानं दाखवले. व्रणाला तीन सरकपट्ट्या होत्या: लांबी, खोलपणा, कल. ताईंनी वाचलं. लांबी अर्धा. खोलपणा दहापैकी नऊ. कल खाली आणि मागे, मानेच्या दिशेनं.

“काल किती होता खोलपणा?”

“सात,” मास्तर म्हणाले. “म्हणजे... सात असावा.”

“परवा?”

“पाच. का?”

“आणि लांबी?”

“लांबी तेवढीच. दर वेळी तेवढीच.”

खाली शिंप्याच्या दुकानाच्या फळीला कोणीतरी टेकलं, ती वाजली.

“शोभेसाठी कोणी असा व्रण काढत नाही,” त्या म्हणाल्या. “लोक लांब काढतात, कपाळापासून गालापर्यंत. वीर दिसावं म्हणून. हा बघा, बाहेरून तांदळाच्या दाण्याएवढा आणि आत विहीर. आणि रोज दोन-दोननं खाली चाललाय. हा व्रण नाही, मास्तर. हा रोग्याच्या खाटेशी असतो तसा, कोणीतरी भरलेला तक्ता आहे.”

“कोणी?”

“दिवसभर या घरात कोण असतं?”

मास्तर हसायला गेले. “ती? ती या यंत्राला हात लावत नाही. खूळ म्हणते याला. म्हणायची. आणि तिला काही सांगायचं असतं तर तिनं वहीवर लिहिलं असतं. वही आहे की तिच्याजवळ.”

“लिहिलं होतं का कधी?”

मास्तरांना तेव्हा आठवलं, आणि ते आठवल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. पेढे वाटले त्याच आठवड्यात वहीत एक ओळ होती: आत ठणकतं. त्यांनी तिला आरशासमोर नेलं होतं. बोटानं ती गुळगुळीत जागा दाखवली होती. बघ, काही आहे का? उगाच मनात आणू नकोस. त्यानंतर वहीत फक्त दूध आणि साबण आणि वीजवाल्याचा निरोप.

ताई मोरीत गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. कोपरापर्यंत हात धुवायची त्यांची सवय. मग हात वर धरून त्या आतल्या खोलीच्या पडद्याजवळ आल्या, खांद्यानं पडदा सारला आणि आत गेल्या.

वहिनी खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. ताईंसाठी दुसरी खुर्ची समोर ओढून ठेवलेली होती. ती केव्हापासून तशी होती कोण जाणे. ताईंनी त्यांच्या गळ्याभोवतीचा रुमाल सोडला. मास्तर दारात उभे होते, त्यांना दिसलं. कातडी खरंच काचेसारखी होती, तुकतुकीत, थोडी जास्तच तुकतुकीत, आणि तिच्यात तांदळाएवढा एक ठिपका. ताईंनी दोन बोटं मानेवर, खूप खाली, जिथे काहीच नव्हतं अशा जागी ठेवली आणि हलकेच वर दाबत आणली. वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी ताईंची बाही मुठीत धरली. आणि त्या तांदळाएवढ्या ठिपक्यातून एक पिवळट थेंब वर आला, थांबला, त्याच्यामागे दुसरा. खोलीत तो वास पसरला. मास्तरांना ओळखीचा होता तो. गेले पंधरा दिवस ते त्याला गटाराचा वास म्हणत खिडकी लावून घेत होते.

“किती दिवस झाले गं?” ताईंनी विचारलं.

वहिनींनी वही घेतली. लिहिलं आणि ताईंकडे न देता मास्तरांकडे धरली. ‘तुम्ही फार खूश होतात. आणि तुम्ही बघता ते फक्त त्या चेहऱ्याकडे, म्हणून तिथे लिहिलं.’

मास्तरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. “मी रोज पुसत होतो,” ते म्हणाले. कोणाला म्हणाले, ते कळलं नाही.

वहिनींनी होकारार्थी मान हलवली. अर्ध्यावर थांबून परत सरळ केली.

ताईंनी पिशवीतून स्वच्छ गॉज काढला, घडी करून त्या जागी ठेवला, वरून रुमाल बांधला. वहिनींच्या पायांत चपला सरकवल्या. उजव्या बाजूनं त्यांना काखेत धरून उभं केलं. शिंप्यानं न सांगता गळ्यातला टेप काढून खिशात कोंबला आणि रिक्षा बघायला जिना उतरला. वकिलानं वाटेतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या.

“ताई,” मास्तर म्हणाले. “ताई, वेळ गेलेली नाही ना? बरी होईल ना ती? एवढं तरी सांगा. ताई, वरून तर काही दिसत नव्हतं हो. तुम्हीच सांगा, वरून काही दिसत होतं का?”

ताईंनी वहिनींचा पदर सारखा केला, उंबऱ्यावर त्यांचं पाऊल आधी पडू दिलं, आणि मास्तरांकडे न बघता त्या वहिनींना घेऊन बाहेर पडल्या.