पाचव्या दिवशी धुतलेले कपडे

सोमवारी माझ्या जावयाला इस्पितळाच्या मानसोपचार वॉर्डात दाखल केले. डॉक्टर म्हणाले, "सायकोसिस असू शकतो." मी बाहेरच्या बाकावर बसले. त्याच्या दीड महिना आधी माझी मुलगी मुग्धा गेली होती.

सायकोसिस म्हणजे जे नाही ते दिसणे किंवा ऐकू येणे, आणि ते खरेच आहे अशी खात्री वाटणे. मी आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात काम केले. तो शब्द मला अर्थासकट माहीत होता. तरीही डॉक्टरांच्या प्रश्नांना मी जी उत्तरे दिली, ती कशी दिली, हे मला कितीतरी दिवस नीट सांगता आले नाही. घरातल्या माणसाच्या वतीने डॉक्टरांशी बोलण्याची वेळ कुणावरही येते. अशांसाठी हे लिहिते आहे.

जावयाचे नाव मातेओ. तो पेरू देशातला, कुस्को शहराच्या वर डोंगरात असलेल्या एका गावातला. मुग्धा आणि तो दोघेही इथे सिंगापुरात, क्लेमेंटीच्या विद्यापीठात संशोधन करत होती. लग्नाआधी दोघांनी मिळून खोली शोधायला सुरुवात केली. फोनवर मातेओचे नाव ऐकून एजंट खूश होत. दारात दोघांना पाहिले की खोली नुकतीच गेलेली असे. एकाने मात्र सरळ सांगितले, "मालकाला इंडियन नकोत."

"मी इंडियन नाही," मातेओ म्हणाला.

एजंटने त्याला खालीवर न्याहाळले. "सेम सेम लाह," तो इथल्या इंग्रजीत म्हणाला.

मुग्धा हा किस्सा घरी हसून सांगायची. "आई, माझ्या नादाला लागून बाटला बिचारा!" मातेओही हसायचा. त्याला हसू खरेच येत होते का, हे मी पाहिले नाही. पुढे तो एका कंपनीत लागला. तिथे दर शुक्रवारी कुणीतरी विचारायचे, "काय रे, गावाकडून पावडर आणलीस का?" दक्षिण अमेरिकेतला माणूस म्हटला की लोकांना अमली पदार्थच आठवतात. मुग्धा चिडून म्हणायची, तक्रार कर. मी म्हणायचे, मस्करी मनावर घेऊ नये.

मी स्वतः पुण्यात सगळ्यांना सांगितले होते, "जावई स्पॅनिश आहे." पेरू म्हटले की लोक फळावरून हसतात, असे कारण मी मुग्धाला देत असे. ते खरे नव्हते. स्पॅनिश म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे गोरा माणूस उभा राहतो, हे मला पक्के ठाऊक होते. पुण्यातल्या स्वागत समारंभात माझ्या मावशीने मातेओकडे बघून सगळ्यांदेखत विचारले, "स्पॅनिश ना गं? मग एवढा उन्हात कुणी ठेवला?" बायका हसल्या. मातेओने मुग्धाला विचारले, "काय म्हणतात?" ती म्हणाली, "तू घरातलाच वाटतोस म्हणतात."

माझे यजमान गेल्यावर ती दोघे सिंगापुरातच तोआ पायोह भागात माझ्या घरी राहायला आली.

मुग्धाला मेंदूतला अॅन्युरिझम होता, म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा. तो फुटेपर्यंत कुणाला कळले नाही. सकाळी वेणी घालताना ती डोके दुखते म्हणाली आणि संध्याकाळी गेली.

पाचव्या दिवशी दुपारी मी जरा पडले होते. उठले तेव्हा न्हाणीघरात मातेओ गुडघ्यांवर बसून मुग्धाचे कपडे हाताने धूत होता. यंत्र बंद होते. कपाटातले इस्त्रीचे कपडेसुद्धा त्याने पाण्यात घातले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूंवर तिचे कुर्ते, ओढण्या, मोजे वाळत होते. माझ्या उशाशी ठेवलेला निळा कुर्ताही त्यात होता. त्याला तिचा वास होता, म्हणून मी तो ठेवला होता.

"तू तिला पुसून टाकलंस," मी मराठीत म्हटले. मग त्याला कळावे म्हणून तेच इंग्रजीतही म्हटले.

त्याने हात पुसले आणि तो खोलीत निघून गेला.

दहाव्या दिवशी आम्ही ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत गेलो. सिंगापुरात पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे. गुरुजी म्हणाले, "थोडा वेळ ठेवू. कुणी बोललं तर उचलू." विधी मातेओने केला. गुरुजी त्याला सांगत होते, "राइट हँड, सर, राइट हँड." पिंड ठेवला. कावळा झाडावर बसून राहिला, खाली येईना. सायकलवाले आमच्याकडे बघत जात होते. गुरुजी मला म्हणाले, "ताई, तिच्या मनात काही राहिलं असेल. तुम्ही बोला."

मी हात जोडले आणि झाडाकडे बघून मोठ्याने म्हटले, "मुग्धा, मातेओकडे मी बघीन. तू काळजी करू नकोस."

कावळा उतरला.

मी मेलेल्या मुलीशी भर दुपारी बागेत उभी राहून बोलले, आणि कावळ्याच्या तोंडून तिचे उत्तर मिळाले असे मानून घरी आले. यात मला वावगे काही वाटले नाही.

पुढच्या आठवड्यांत मातेओ खचत गेला. तो कामावर जाईना, अंघोळ करीना. माझ्या हातचे जेवण ताटात तसेच राहू लागले. सकाळी मात्र तो स्वयंपाकघरात दोन कप कॉफी करायचा. एक आपल्यापुढे, एक मुग्धाच्या खुर्चीपुढे. मग स्पॅनिशमध्ये बोलायचा. बोलता बोलता थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा बोलायचा. मला भाषा कळत नव्हती, पण मधूनमधून मुग्धाचे नाव ऐकू येई. मी माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असे. पान उलटले जात नसे.

त्या सोमवारी मी त्याला टॅक्सीत घालून इस्पितळात नेले. तेवढे मी बरोबर केले. त्याच्या गालाची हाडे दिसू लागली होती आणि तो जिना उतरताना भिंतीला धरत होता.

नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी त्याच्याकडे पाहून विचारले, "इंडियन?"

"नाही, नाही," मी घाईने म्हटले, "स्पॅनिश."

मातेओने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

तपासणारे डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. मातेओ इंग्रजीत धड बोलेना, म्हणून त्यांनी दुभाष्याला फोन लावला. तो स्पेनमधला गृहस्थ होता, भरभर बोलत होता. मातेओने त्याला हो आणि नाही यांपलीकडे काही सांगितले नाही. डॉक्टरांनी विचारले, "तुमची पत्नी आत्ता इथे आहे का?" मातेओ म्हणाला, "नेहमीच."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. मी सांगितले, तो मेलेल्या बायकोशी बोलतो. तिच्यासाठी कॉफी ठेवतो. तिचे धुतलेले कपडेही पुन्हा धुतो.

"तिचा आवाज त्याला ऐकू येतो का?"

"हो," मी म्हटले. "ती त्याला उत्तर देते."

ईस्ट कोस्टच्या कावळ्याचे मी काही बोलले नाही. आवाज ऐकू येण्याचा प्रश्न मला स्वतःबद्दलचा वाटलाच नाही.

मातेओला अँटिसायकोटिक सुरू झाले, म्हणजे भास थांबवण्याचे औषध. ते गरजेचे असते तेव्हा माणसाला वाचवते, हे मी आधी सांगते. मातेओला त्याने गुंगी आली. हात थरथरू लागले. भेटीच्या वेळी मी वरणभात नेत असे. चमचा तोंडाशी जाईपर्यंत निम्मा भात पुढ्यात सांडे. तो लाजून रुमाल शोधायचा. मी दुसरीकडे बघायचे.

आठवड्याने डॉक्टर म्हणाले, "आवाज येत नाहीत असं तो सांगतो. पण घरचे म्हणतात येत होते. लपवत असेल. डोस वाढवून बघू."

घरचे म्हणजे मी.

त्याच दुपारी वॉर्डातल्या मानसशास्त्रज्ञ मिस टॅन यांनी मला खोलीत बोलावले. त्या इथल्याच, चाळिशीच्या आसपासच्या. पायात चपला, हातात थंड झालेला चहा.

"आंटी, तुमचा जावई कुठला?"

"स्पॅनिश."

"तो म्हणतो, नाही. त्याच्या आजीला स्पॅनिश धड येतसुद्धा नव्हतं. ती क्वेचुआ बोलायची. डोंगरातली जुनी भाषा. मी विचारलं, तुमच्याकडे माणूस गेल्यावर काय करतात? अहो, तासभर बोलला."

त्याने त्यांना सांगितले होते की त्याच्या गावी माणूस गेल्यावर पाचव्या दिवशी घरचे लोक नदीवर जातात आणि गेलेल्याचे सगळे कपडे धुतात. एकही ठेवायचा नाही. म्हणजे त्याला पुढची वाट हलकी होते. इथे नदी नव्हती, म्हणून त्याने न्हाणीघर घेतले.

"आणि तुमच्या घरी काय करतात, आंटी?"

मी त्यांना पिंडाचे सांगितले. कावळा येत नव्हता तेही सांगितले. मी काय बोलले तेही. त्या टेबलावर पुढे झुकून ऐकत होत्या.

"मग? खाल्लं का कावळ्याने?"

"खाल्लं."

"बरं झालं." त्यांनी सुस्कारा सोडला. "आमच्याकडे चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात गेलेल्या आजोबांसाठी ताट मांडतात. आजोबांना ड्युरियन आवडायचं, ते उग्र वासाचं फळ. सगळं घर घाण मारतं. आई त्यांना वर्षभराच्या तक्रारी सांगते, माझ्यासुद्धा. आम्हाला अजून कुणी वॉर्डात टाकलं नाही लाह."

मला हसू आले आणि त्याची लाज वाटली.

मग त्यांनी शांतपणे विचारले, "आंटी, मुलीचा आवाज येतो असं त्याने तुम्हाला कधी सांगितलं?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"तो बोलताना मध्ये थांबायचा."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"मला वाटलं, ती त्याच्याकडे येते," मी म्हटले. "रोज सकाळी येते. शेजारच्या खोलीत मी असते. माझ्याकडे एकदाही आली नाही."

हे मी तोवर स्वतःलाही सांगितले नव्हते. तो आजारी होता म्हणून मला भीती वाटली, हे खरेच. पण 'हो' म्हणताना माझ्या मनात भीतीच्या बरोबरीने मत्सर होता. माझी मुलगी मला सोडून कुणाला तरी भेटत होती आणि ते कुणीतरी थांबवावे असे मला वाटत होते. कावळ्यासमोर दिलेला शब्द मी असा पाळला.

मिस टॅन यांनी मला रडू दिले. मग म्हणाल्या, "हे डॉक्टरांना सांगायला हवं. आजच."

मी सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. "मीही तुम्हाला विचारायला हवं होतं, तुम्हाला हे कसं कळलं," ते म्हणाले. ते मातेओशी पुन्हा सविस्तर बोलले, या वेळी मिस टॅनना बरोबर घेऊन. निदान बदलले. डिप्रेशन, म्हणजे नुसते दुःख नव्हे. शरीरालाही खाली ओढणारे, भूक, झोप आणि जगण्याची इच्छा हिरावणारे दुखणे. ते गंभीर होते. जगावेसे वाटत नाही, हे त्याने मिस टॅनना सांगितले होते, मला नव्हते. त्याआधीच्या काही वर्षांबद्दलही तो त्यांच्याशी बोलला. दारातून परत पाठवणारे लोक, पावडरचे विनोद, हसून सोडून देण्याची सवय. मुग्धा होती तोवर घरी येऊन ते हलके होत असे. ती गेल्यावर ते सगळे एकदम अंगावर आले.

भासाचे औषध हळूहळू कमी करून थांबवले. दुसरे सुरू झाले. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. या काळात माणूस बरा होत नाही असे वाटते. धीर सोडू नका. आणि डॉक्टरांनी विचारले तर डोळ्यांनी पाहिले तेवढे सांगा. मनाला वाटले ते 'मला वाटले' असे म्हणून सांगा. तुमच्या घरच्या रीती तुम्हाला इतक्या सवयीच्या असतात की त्या रीती आहेत हेही लक्षात येत नाही. दुसऱ्याच्या रीती लगेच लक्षणांसारख्या दिसतात.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मातेओने दोन कप काढले. मी दारात उभी राहिले. मी त्याची माफी मागितली. 'स्पॅनिश'ची, कपड्यांवरून बोलले त्याची आणि डॉक्टरांना दिलेल्या उत्तराची. सगळे एका दमात, इंग्रजीत आणि मराठीत मिसळून.

"'स्पॅनिश'चं मला माहीत होतं, आई," तो म्हणाला. तो मला आईच म्हणतो. "मावशींचंही. मुग्धाने परत येताना विमानातच सांगितलं."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, खरंय. उन्हातच ठेवला होता."

तो जरासा हसला. मी डॉक्टरांना दिलेले उत्तर ठीक होते असे मात्र त्याने म्हटले नाही आणि मीही वदवून घेतले नाही.

मी विचारले, "बोलताना तू थांबतोस ते का?"

त्याने खुर्चीकडे पाहिले. "ती कधीच काही बोलत नाही, आई. मला काहीही ऐकू येत नाही. पण ती असती तर तिथे मला तोडून बोलली असती. तेवढी जागा मी सोडतो."

माझ्यासाठी त्याने तिसरा कप काढला.

मिस टॅनचे, त्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत. मातेओचे आहेत, ते फेडता येतील असे मला वाटत नाही.

मातेओ आता अर्धा दिवस कामावर जातो. सकाळी एक गोळी घेतो. पुण्याहून फोन आला की मी जावई पेरूचा आहे असे सांगते. मुग्धा आमच्यापैकी कुणाशीही बोलत नाही. निळा कुर्ता माझ्या कपाटात आहे. त्याला साबणाचा वास येतो. मातेओ शेजारच्या खोलीत राहतो.