दुपारचं भूत

भुताला भिणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण भुताची गैरसोय होऊ नये म्हणून जपणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, ते म्हणजे तंजावूरचे आमचे घरमालक. मी विट्याकडचा. आठवीतून शाळा सोडली आणि आमच्याकडची पोरं जातात तसा सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखी गेलो. ॲसिडचा वास मारणाऱ्या एकट्या माणसाला तिथं कुणी खोली देईना. घरमालकांनी माझं एक वाक्य ऐकलं आणि आत हाक दिली, "अगो, आमचें बोलणारा एक आला अहे," आणि मागची खोली उघडून दिली. त्यांचे पूर्वज जुन्या काळी मराठा राजाबरोबर आलेले, मी भट्टीबरोबर, पण त्यांनी दोघांना एकाच पंगतीला बसवलं. त्यांचं मराठी मला अर्धं कळे, माझं त्यांना अर्धं. उरलेलं ते तमिळमध्ये सांगत आणि मी मान हलवी. एखादं काम मी नको म्हटलं आणि ते खोली सोड म्हणाले तर, ही धास्ती मात्र मनातून कधी गेली नाही. म्हणून त्यांनी एके दिवशी "कंप्यूटरावर भूत धरायला ये" म्हटलं, तेव्हाही मी मान हलवली.

त्यांचा मुलगा अमेरिकेत असले खेळ करणाऱ्या कंपनीत होता आणि बरीच वर्षं घरी आला नव्हता. त्यानं खेळाची सीडी धाडली आणि फोनवर सांगितलं, खेळात भुताचा बंगला आहे, त्यातली वरच्या मजल्यावरची एक खोली मी केली आहे, ती बघा. बस्स, ती खोली बघायचा घरमालकांनी ध्यास घेतला. इंग्रजी त्यांना येई, पण बोटं थरथरत. माझी बोटं धड, पण इंग्रजी नाही. असा आम्हा दोघांचा मिळून एक खेळाडू झाला. दिवेलागणीनंतर घरात भूत आणायचं नाही आणि शुक्रवारी तर मुळीच नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे माझ्या जेवणाच्या सुटीत, रणरणत्या दुपारी, खिडक्यांना घरमालकीणबाईंची, म्हणजे मामींची, जुनी लुगडी बांधून आम्ही अंधार करायचो. पाय धुऊन बसायचं, उठल्यावर पुन्हा पाय धुवायचे. खेळातला माणूस एखाद्या दाराशी आला की घरमालक माझा हात धरत. "थांब तंबी, आंत कोणी असेल. एकदम जाऊं नये." आम्ही सभ्यपणे थांबायचो, तेवढ्यात भूतच बाहेर यायचं.

त्या बंगल्याची भीती मात्र खरी होती. लाकडी जिना करकरायचा, कुठंतरी एक मूल गुणगुणायचं, माझ्या मानेवर भर उन्हाळ्यात काटा यायचा. पण चालायचं म्हणजे छळ. पुढं जायचं बटण दाबावं, तर मध्येच चित्राची बाजू बदलायची आणि तेच बटण आमच्या माणसाला थेट भुताच्या मिठीत न्यायचं. वळायचं तर तो बैलगाडीसारखा जागच्या जागी फिरायचा. मेला की पुन्हा फाटकापासून सुरुवात, आणि मेला नाही तर करंट जायचा. मी पुढं चाललोय की मागं, हेच मला कळत नसे. घरमालकांचा जन्म कावेरीच्या कालव्यांच्या खात्यात गेलेला. ते म्हणत, "उतार पाहून चाल." आता बंगल्यात उतार कुठून आणायचा?

एका दुपारी आम्ही चुकतमाकत ती खोली गाठली. दार उघडलं आणि समोर स्वयंपाकघर. उंच खिडकी, तिरपं ऊन, फळीवर पितळी भांडी, कोपऱ्यात इडलीचं पीठ वाटायचा दगडी रुब्बा. घरमालकांनी हाक मारली तशा मामी ओल्या हातानं आल्या, वाकून बघत राहिल्या. "हें आमचेंच. पण रुब्बा डावीकडे ठेविला कीं तेणें."

मग आम्ही भुताची वाट बघत बसलो. भूत येईना. गुणगुणणंसुद्धा थांबलेलं. घरमालकांचा चेहरा उतरला. "भूत घालायला विसरला हा. साहेबानें पाहिलें तर नोकरी जाईल."

"लहानपणीं दप्तर विसरत होता," मामी म्हणाल्या, "आतां भूत विसरला."

माझ्याच बोटानं काही बिघडलं की काय, या भीतीनं मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी तिघं कोपऱ्यावरच्या फोनबूथवर गेलो. बूथवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून घरमालक तोंडावर उपरणं धरून बोलले, "तुझ्या खोलींत भूत नाहीं रे. कोणास सांगूं नको, गुपचूप घालून दे." पलीकडचं हसू मला बाहेर ऐकू आलं. मग बराच वेळ घरमालक तमिळमध्ये नुसतं "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, म्हणत राहिले.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी सांगितलं, "तेथें भूत येतच नाहीं म्हणे. खेळणाऱ्यानें दम खावा, म्हणून केली. सगळ्या बंगल्यांत तसली तेवढी एकच."

मामी थोडं चालल्या आणि थांबल्या. "एवढें ठाऊक अहे त्याला, तर घरीं येत कां नाहीं?"

घरमालकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कशासाठी ते मलाही कळलं नाही.

त्या एका खोलीत मात्र खेळ तिथपर्यंतचा जपून ठेवता येत होता, तो ठेवला. पण पुढं घरमालकांनी खेळातल्या त्या माणसाला स्वयंपाकघराबाहेर जाऊच दिलं नाही. लुगडी सोडून खिडक्या उघडल्या, आणि दुपारी उजेडात आम्ही नुसतं बघत बसायचो. "मामा, पुढं जायचं?" मी विचारी. ते म्हणत, "असूं दे. बसूं दे त्याला जरा." त्या खेळात बसायचं बटण नव्हतं. तो बिचारा आमच्याकडे पाठ करून तसाच उभा राहायचा, मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायचा, जेवायला वाढायची वाट बघत असल्यासारखा.