मला ऐकू न आलेली टिकटिक

चारोटी नाक्याजवळच्या माझ्या गॅरेजात इतकी वर्षं गाड्या आल्या त्या माझ्या कानासाठी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि सांगायचं, बेअरिंग गेलंय की पंप घासतोय. लोक म्हणायचे, हा मिस्त्री खोलून बघत नाही, ऐकून सांगतो. हे कौतुक ऐकून मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी हेडफोन लावून माझे कान तपासले. म्हणाल्या, "बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, ते परत येणार नाहीत. मशीन लावा." कानाला मशीन लावलेल्या मेकॅनिककडे कोण गाडी आणेल? तपासणीच्या कागदाची घडी करून खिशात टाकली आणि बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आताच्या गाड्यांना स्कॅनर जोडला की दोष मोबाईलवर दिसतो. कान गेले तरी धंदा चालत होता.

अडकलो तो घोलवडच्या वाडीवाल्या शेठच्या गाडीपाशी. शेठ पंचाहत्तरीच्या पुढचे, चिकूची वाडी, आणि तरुणपणी हौसेने घेतलेली लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार. बसकी, टप उघडणारी, आणि इतकी जुनी की स्कॅनर जोडायला जागाच नाही. त्या इंजिनाला माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नसत.

त्या सकाळी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, चार दिवस झाले, काहीतरी टिकटिक करते. तू जरा ऐक."

बॉनेट उघडलं. इंजिनाची घरघर ऐकू आली, टिकटिक काही येईना. स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, श्वास धरला. काही नाही. ऑइलची पट्टी काढून बघितली, पातळी बरोबर होती. शेठ माझ्या तोंडाकडे बघत होते.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, वरच्या बाजूने येतंय ना. अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखं."

"तू डबा ठेव आणि जा," मी तिच्यावर खेकसलो. मग शेठकडे वळून म्हणालो, "काही नाही शेठ. जुनं इंजिन आहे, एवढं कुरकुरणारच. बिनधास्त चालवा."

मला ऐकू येत नाही, इंजिनावरचं टॅपेट कव्हर खोलून बघतो, एवढंच सांगायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. पण जीभ रेटेना. बायको डबा ठेवून निघून गेली. शेठच्या चेहऱ्यावरची काळजी मात्र लगेच गेली, खांद्यावर हात ठेवून गाडीत बसले. लाज वाटते आजही.

दुपारी तलासरीच्या अलीकडून त्यांचा फोन आला. भावाकडे निघाले होते, हायवेवर इंजिनात धाडकन आवाज होऊन गाडी बंद पडली. पिकअप घेऊन गेलो. कव्हर खोललं तर आत सगळं कोरडं ठणठणीत. ऑइल वर चढायची वाट गाळाने बुजली होती. ऑइलविना वरचा कॅमशाफ्ट जाम, चेन तुटलेली, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले असणार हे पुढे न उघडताच कळत होतं. या इंजिनाचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत. ती गाडी वाडीत ताडपत्रीखाली उभी आहे आणि मी घोलवडला जायचंच टाळतो.

त्या दुपारी हायवेवर शेठ रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले होते. मी समोर जाऊन म्हटलं, "शेठ, मला शिव्या घाला. माझे कान गेलेत. टिकटिक मला ऐकूच आली नव्हती."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आवाज वाढत चालला होता रे," ते म्हणाले. "पण मिस्त्रीच्या कानाला काही वावगं वाटलं नाही, म्हणजे वाढतोय हा माझ्याच कानांचा भास असेल, वय झालं, असं वाटलं मला. म्हणून थांबलो नाही."