तुळजाक्कांचा जीव

तुळजाक्का बोलता बोलता मध्येच हात वर करून समोरच्याला गप्प करत. पहिल्या भेटीत मी माझं नाव सांगत होतो, तेवढ्यात त्यांचा हात वर झाला. रस्त्यावरून टाउन बस गेली होती आणि खिडकीतला स्टीलचा पेला थरथरत होता. तो थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "याला जीव नाही. नुसता वाजतो. हं, नाव काय म्हणालात?"

पंखा, मिक्सर, देवळातली घंटा, शेजारणीचा गळा, साऱ्यांची त्यांनी अशी वाटणी करून ठेवली होती. जीव आहे किंवा नाही. तिसरा वर्ग नव्हता.

मी पुण्याहून तंजावूरला शब्द गोळा करायला गेलो होतो. तिथल्या मराठीचा एक कोश तयार होत होता आणि मी त्याचा साहाय्यक संपादक होतो. अक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. राजवाड्यामागच्या गल्लीत राहत आणि गावातल्या गाणाऱ्यांचे तंबोरे लावून देत. पहिल्या दिवशी मी त्यांना 'तुम्ही' होतो. दुसऱ्या दिवशी 'तम्बी' झालो, म्हणजे धाकटा भाऊ, आणि 'तू'वर आलो.

"तारेखाली हा दोरा सारता ना, त्याला तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"जीव."

"आमच्याकडे त्या गुंजण्याला जवारी म्हणतात."

"जवारी? भाकरीची?" अक्का पदर तोंडाला लावून हसल्या.

मी सांगितलं, की कोणी त्या शब्दाचा संबंध जवाहिराशी लावतं, कोणी जीवाशी. नक्की कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी तंबोरा आडवा घेतला. तारा टेकतात त्या घोडीवरून तारेखालचा कापसाचा दोरा काढला आणि तार छेडली. कोरडा टणत्कार झाला. दोरा पुन्हा सारला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी ती तार अशी काही गुंजू लागली की खोलीच भरून गेली.

"सुताच्या दोऱ्यात कसलं जवाहीर, तम्बी? मघा वाजत होती, आता बोलते. आई सांगायची, जीव तारेखाली सारावा, बांधू नये. बांधला की मरतो."

ते वाक्य मी लगेच टिपून घेतलं. अक्का माझ्या पेनाकडे पाहत होत्या.

"हे पुस्तकात येईल का रे? माझी आई पापनाशम गावातल्या घरात आयुष्यभर रांधत राहिली. कोठं तिचं नाव नाही, एक फोटो नाही. हे वाक्य तेवढं राहू दे. आई म्हणायची, असं घाल."

"येईल की, अक्का," मी म्हणालो.

पुण्यात नोंदी तपासताना ठरलं, की ज्या उदाहरणाला लेखी पुरावा नाही ते गाळायचं. माझ्या वाट्याच्या नोंदींत ते वाक्य होतं. मी वाद घालू शकलो असतो. त्या दिवशी पानं आवरायची होती. मी लाल रेघ मारली आणि पुढच्या शब्दाकडे गेलो.

कोश छापून झाल्यावर प्रत घेऊन मीच तंजावूरला गेलो. अक्कांनी हात धुतले, पुस्तकाला कुंकू लावलं आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांना तमिळ आणि इंग्रजी वाचता येई, पण देवनागरी नाही. घरात मराठी बोलायची, एवढंच.

"आमचा शब्द वाच."

मी वाचलं, "जीव. तंबोऱ्याच्या तारेखाली सारायचा सुती दोरा. त्यामुळे तारेला येणारी गुंज. जवारी पाहा." नोंद संपली. अक्का वाट पाहत होत्या. मी मान वर न करता पुढे म्हणालो, "आई म्हणायची, जीव तारेखाली सारावा, बांधू नये."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी पेन्सिल आणून ती जागा विचारली आणि माझ्या बोटाशी बारीक खूण केली.

वर्षभराने एक पाकीट आलं. आत चौरेघी वहीचं पान होतं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, मोठं, एकेक काना दोनदा गिरवलेला.

"तम्बीस आशीर्वाद. हिंदीच्या टीचरकडे अक्षर शिकले. खूण केलेलं पान वाचलं. आईचं वाक्य नाही. पुढचं पान पण पाहिलं. तू वाचलंस तेव्हा मी रडले. ते रडणं आता कोठं ठेवू? राग नाही. पण तू खरं सांगितलं असतंस तर मजला चाललं असतं. तुळजा."

मी तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. नंतर ठरवलं, की कोशाच्या पुरवणीत ते वाक्य घालून घ्यायचं आणि छापलेलं पानच पाठवायचं. तेव्हा तोंड दाखवायला जागा राहील. या वेळी मी भांडलो. तोंडी पुराव्याची उदाहरणं घ्यायचं मान्य झालं. पण त्यात पाच महिने गेले, आणि त्या पाच महिन्यांत मी अक्कांना एक ओळही लिहिली नाही.

पुरवणीचं पान हातात आलं तसा मी फोन केला. त्यांची भाची कमला बोलली. तिला मराठी अडखळत येते.

"आत्या गेली. पोंगल झाल्यावर. ताप आला, चार दिवस."

पुरवणीत अक्कांच्या आईचं वाक्य आलं आहे, एवढंच कसंबसं सांगितलं.

"तुम्ही पुण्याचे तम्बी ना?" कमला म्हणाली. "आत्यानं आम्हास सांगून ठेवलं होतं. पुण्याचं लेटर आलं तर कोणी फोडायचं नाही, कोणी वाचून दाखवायचं नाही. मीच वाचीन म्हणाली. सर, तुम्ही पाठवलं होतं का? आमच्याकडे पोचलं नाही."